लॅमिनेशन नको, डांबरगोळ्या नकोत: घरातली जुनी कागदपत्रं, फोटो आणि कात्रणवह्या जपायच्या सामानाचं परखड परीक्षण

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरच्या ट्रंका उघडल्या. खासरा पाहणी, सेतवार, इनामाचा मुंतखब, मोडीतली वाटणीपत्रं, उर्दू शिक्क्यांचे दस्त असं बरंच काही बाहेर आलं. ते बाहेर आलं हे चांगलंच झालं. पण बाहेर आल्यावर बहुतेकांची पावलं तहसीलसमोरच्या झेरॉक्स सेंटरकडे वळतात, आणि तिथल्या गरम रोलरमधून शंभर वर्षांचा कागद दोन मिनिटांत प्लास्टिकमध्ये कायमचा बंद होतो. म्हणून सुरुवात याच सेवेपासून.

लॅमिनेशनच्या पाउचला दोन थर असतात. बाहेर पॉलिएस्टर, आत उष्णतेनं वितळणारा चिकट थर. रोलरचं तापमान साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअस असतं. त्या उष्णतेत आतला थर वितळून कागदाच्या तंतूंत मुरतो. एकदा मुरला की तो घरी निघत नाही. प्रयोगशाळेत रसायनांनी काढायचा म्हटला तरी शाई त्याच्याबरोबर येण्याची भीती असते. लाखेची मोहोर रोलरखाली चपटी होते, उठावाचा शिक्का दिसेनासा होतो, कागदातला वॉटरमार्क अंधूक होतो. उद्या दस्त खरा की खोटा असा वाद निघालाच, तर हस्ताक्षरतज्ज्ञाला शाईचा थर तपासता येत नाही. कागदातली आम्लता मात्र आतच राहते आणि आपलं काम चालू ठेवते. फॅक्सचा किंवा बिलाचा थर्मल कागद असेल तर तो रोलरमधून काळाच होऊन बाहेर पडतो. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, त्याला ही उष्णता अजिबात मानवत नाही.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं की सरकारी दप्तरातसुद्धा लॅमिनेशन करतात. ते अर्धसत्य आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं एके काळी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म आणि टिश्यू कागद अ‍ॅसिटोननं हातानं चिकटवायची पद्धत रूढ केली होती. त्यात गरम रोलर नव्हता आणि अ‍ॅसिटोननंच तो थर परत सोडवता येत असे. पाउच लॅमिनेशनशी तिचा फक्त नावापुरता संबंध. आता संवर्धक तीही सहसा वापरत नाहीत. ते पातळ जपानी टिश्यू आणि स्टार्चच्या खळीकडे वळले आहेत, कारण ही खळ पाण्यानं सुटते. आमचा निकाल असा की लॅमिनेशन आजच्या झेरॉक्स प्रतीला करा, मूळ कागदाला कधीच नाही.

मग मूळ कागद ठेवायचा कशात? पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. यात कागदाला काहीच चिकटत नाही, तो दोन फिल्मांमध्ये नुसता पडून असतो. ऑनलाइन ‘अर्काइव्हल पॉलिएस्टर स्लीव्ह’ मिळतात, पण मराठवाड्यातल्या मोठ्या स्टेशनरी दुकानातही पर्याय सापडतो. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठीच्या पारदर्शक शीट, म्हणजे ओएचपी शीट, लेझर प्रिंटरवर चालणारी असेल तर बहुधा पॉलिएस्टरची असते. साधारण १०० मायक्रॉनची जाडी घ्या. इंकजेटची घेऊ नका, तिच्या एका बाजूला शाई धरून ठेवणारा लेप असतो आणि दमट हवेत तो चिकट होतो. पारख सोपी आहे. शीटच्या कडेला कात्रीनं छोटी खाच मारा आणि तिथून फाडून पाहा. पॉलिएस्टर सहजासहजी फाटत नाही, अ‍ॅसिटेट खाचेपासून सरळ फाटत जातं.

पाकीट करायला कागदापेक्षा प्रत्येक बाजूनं २.५ सेंटीमीटर मोठे असे दोन तुकडे कापा. खालच्या तुकड्यावर कागद मध्यभागी ठेवा. लागून असलेल्या दोन कडांना दुहेरी चिकटपट्टी लावा, उरलेल्या दोन कडा उघड्या ठेवा. पट्टी आणि कागद यांच्यात किमान ३ मिलिमीटर अंतर हवं, कारण उन्हाळ्यात पट्टीचा गोंद सरकतो. संवर्धक यासाठी ‘थ्रीएम ४१५’ वापरतात. साध्या पट्टीचा गोंद दोनेक वर्षांत पिवळा पडून पाझरतो, म्हणून इथे पैसे वाचवू नका. चारही कडा बंद करायच्या असल्या तरी कोपऱ्यांत हवेला वाट ठेवा. तपकिरी पडलेला, मोडायला आलेला कागद असेल तर त्याच्या मागे एक क्षारयुक्त, म्हणजे अल्कधर्मी, पांढरा कागद सरकवा, नाहीतर आम्ल आतल्या आत कोंडतं.

पॉलिएस्टरची एक खोड आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. त्यावर स्थिर वीज जमते. पेन्सिलीचं लिखाण, खडूचं चित्र किंवा सुटत चाललेली शाई ते अक्षरशः उचलून घेतं. अशा कागदांना पॉलिएस्टर नको, कागदी लिफाफाच हवा. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ‘मायलर’ मागितलं तर जी फिल्म मिळते तीही पॉलिएस्टरच, पण जाड गेजची असते आणि दुधी दिसते. वार्निश न लावलेली असेल तर ठिसूळ कागदाखाली आधाराला ती चालते, पाकिटाला नाही.

शाळेच्या प्रोजेक्टच्या प्लास्टिक फायलींबाबत एकच गोष्ट पाहा. तळाच्या त्रिकोणात ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ती चालते. ३ असेल तर पीव्हीसी, परत ठेवा. त्रिकोण नसेल तर वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक फोटोजवळ नको. पीव्हीसीतून बाहेर पडणारं आम्ल आणि त्यातलं मऊपणा देणारं रसायन दोन्ही फोटोला चिकटतात. झेरॉक्सची शाई तर ते उचलूनच घेतं, हे जुनी बँकेची फाइल उघडणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं.

कागदी लिफाफ्यासाठी मराठवाड्याला बाहेर बघायची गरज नाही. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. तिथला हातकागद सुती चिंध्यांपासून बनतो. सुती तंतू लांब असतात आणि त्यात लाकडातलं लिग्निन नसतं. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते याच लिग्निनमुळे. म्हणजे पाया उत्तम आहे. पण तिथे गेल्यावर पाकळ्या घातलेला, सोनेरी ठिपक्यांचा, रंगीत कागद समोर येतो आणि मन त्यावर जातं. तो लग्नपत्रिकेसाठी ठेवा. जपणुकीसाठी साधा, पांढरा, न रंगवलेला, त्यातल्या त्यात पातळ कागद मागा. खळीत तुरटी घातली असेल तर कागद आम्लधर्मी होतो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका कागदाच्या कोपऱ्यावर पीएच तपासायच्या पेननं रेघ ओढा. रेघ जांभळी झाली तर कागद चालेल, पिवळी झाली तर नाही. हा पेन फक्त नव्या सामानावर चालवायचा, मूळ दस्तावर नाही, त्याचा डाग जात नाही. हातकागदाचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यामुळे फोटोच्या चित्राच्या बाजूला तो थेट लावू नका. दस्तांसाठी मात्र त्याची चौपाखी फार छान होते. अधिक चिन्हाच्या आकारात कागद कापायचा, मध्ये दस्त ठेवायचा, आधी खाली-वरची आणि मग डावी-उजवी पाखं दुमडायची. गोंद नाही, टाचणी नाही.

बाजारातला रोजचा झेरॉक्स कागदही हलका समजू नका. त्यातला बराचसा आज क्षारयुक्त असतो आणि पेननं तपासून घेतला तर वर्तमानपत्राच्या कात्रणांमध्ये घालायला पुरेसा आहे. रंगीत फोटोंना मात्र क्षारयुक्त कागदापेक्षा तटस्थ, म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, कागद बरा.

दस्तांचं गाठोडं, म्हणजे बस्ता, बांधायच्या कापडाचं तसंच. दप्तरखान्यात लाल खारव्याचे रुमाल पाहिलेले असतात म्हणून लोक लाल कापड शोधतात. कापड ओलं झालं तर तो रंग कागदावर उतरतो. पांढरा मांजरपाट घ्या, गरम पाण्यात दोनदा धुवा, कांजी पूर्ण गेली पाहिजे. कांजी म्हणजे कसरीचं जेवण. धुतल्यावर नीळ घालू नका, कपड्यांना मऊपणा आणणारं द्रावणही नाही.

आता पेटी. पत्र्याची ट्रंक उंदीर आणि वाळवी यांना रोखते, त्यात तिला तोड नाही. तिच्या उणिवा दोन. रंग नवा असेल तर त्याची वाफ महिनाभर निघत राहते, म्हणून नवी ट्रंक तीन-चार आठवडे उघडी ठेवून मगच भरा. दुसरी म्हणजे पत्रा लवकर गार होतो, पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरतं आणि गंज कागदावर उतरतो. आतून झेरॉक्स कागदाचे दोन थर आणि वर मांजरपाट असं अस्तर दिलं की हे बरंच टळतं. लाकडी पेटी दिसायला भारदस्त, पण लाकडातून, विशेषतः प्लायवूडमधून, आम्लाची वाफ निघत राहते. मिठाईचे आणि शर्टाचे खोके राखी पुठ्ठ्याचे असतात, त्यांचं कामच नाही. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा फोटोंसाठी ट्रंकेपेक्षा बरा, फक्त आत कोरडं सामान कोरड्या दिवशीच भरायचं. जुलैत भरून झाकण लावलं तर ओल आतच कोंडली म्हणून समजा.

पेटी कशी आहे यापेक्षा ती कुठे ठेवली हे जास्त महत्त्वाचं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तापमान साधारण ५ अंशांनी उतरलं की कागदाचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं, असा संवर्धनातला ठोकताळा आहे. म्हणजे तीच ट्रंक माळ्यावरून उतरवून जाड भिंतींच्या मधल्या खोलीत आणली, तर एक रुपया न खर्चता बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त फायदा होतो. जुन्या माळवदाच्या घरातली आतली खोली यासाठी फार चांगली, फक्त माळवद गळत नाही ना ते दरवर्षी मृगाच्या आधी बघायचं. ट्रंक जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर. बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब. काळ्या मातीच्या गावांत वाळवी भिंतीच्या तळातून वर येते, म्हणून विटांवर मातीची बारीक नळी दिसते का हे महिन्याला एकदा पाहा.

सिलिका जेलच्या पुड्या हल्ली सगळे टाकतात. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्या मोठ्या ट्रंकेत टाकल्या तर काही होत नाही. ट्रंक हवाबंद नसते, त्या पुड्या पावसाळ्यात काही दिवसांतच भरतात आणि नंतर नुसत्या पडून राहतात. हवाबंद डब्यातच त्यांचा उपयोग. वीसेक लिटरच्या डब्याला १०० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५५ टक्क्यांत हवा. ६५ च्या वर बराच काळ राहिला की बुरशी. पण मराठवाड्यात उलटा धोकाही आहे आणि तो कुणी सांगत नाही. मार्च ते मे हवा आधीच इतकी कोरडी असते की जेल ठेवलं तर आर्द्रता ३० च्या खाली जाते, फोटो गुंडाळतात आणि जिलेटिनला भेगा पडतात. तेव्हा होळीनंतर जेल काढून घ्या, मृगाच्या आधी परत ठेवा. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारंगी घ्या.

स्वस्त आर्द्रतामापक खोटं बोलतो का हे घरीच कळतं. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ते ओलसर करा, विरघळू देऊ नका. टोपण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. जितका फरक असेल तितका कायम वजा किंवा अधिक धरायचा.

डांबरगोळ्यांना आमचा स्पष्ट नकार आहे. त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फोटोला लागते, थंडीत तिचे खडे परत कागदावर बसतात, श्वासाला ती वाईट आणि सैल झाकणाच्या ट्रंकेत कसर मरेल इतकी दाट ती कधी होतच नाही. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर पूर्ण वाळलेला, मलमलच्या पुरचुंडीत, कागदाला न लागता. ओला पाला म्हणजे आपणच आत ओल घालण्यासारखं. वेखंडाची पुरचुंडीही चालेल, पण दोन्हींवर फार भिस्त ठेवू नका. कीड लागलेलीच असेल तर खात्रीचा उपाय फ्रीजरचा आहे. वही दोन पिशव्यांत घट्ट बंद करून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. काचेच्या निगेटिव्हला हा उपाय करू नये.

पुराचंही बोलून घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा, भूम भागात घरात पाणी शिरलं तेव्हा अशा कितीतरी पेट्या बुडाल्या. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू दिले तर ते नंतर सुटत नाहीत. वाळायच्या आधीच थंड, स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक सोडवायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवायचे. उन्हात वाळवणासारखे पसरायचे नाहीत. एका दिवसात सगळे होत नसतील तर मध्ये मेणकागद घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवड मिळेल तसे काढा. भिजलेल्या मोडी कागदाला पाण्यात बुडवू नका. काजळीची शाई टिकाऊ असली तरी पाण्यानं पसरू शकते. त्याला टिपकागद लावून दाब द्या.

अल्बमच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान ज्या मालानं केलं, तो म्हणजे चिकट पानांचा अल्बम. पानावर गोंदाच्या पट्ट्या, वर उचलायचं प्लास्टिक. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नांचे फोटो बहुतेक घरांत यातच आहेत. तो गोंद आधी घट्ट होतो, मग पिवळा, आणि वरचं प्लास्टिक पुष्कळदा पीव्हीसीचं. फोटो ओढून काढायचा नाही. आधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, क्रम टिकला पाहिजे. मग मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या, फोटो वाकवू नका, दोरा जमिनीला समांतर ठेवा. अडला तर दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करा. तरीही सुटत नसेल तर पानाचा तेवढा भाग मागच्या पुठ्ठ्यासकट कापून घ्या. पुठ्ठ्यासकट फोटो फाटलेल्या फोटोपेक्षा कधीही बरा. हेअर ड्रायर लावा असं बरेच जण सांगतात. गोंद मऊ होतो हे खरं, पण फोटोचा थरही मऊ होतो.

काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले जुने अल्बम मात्र मोडू नका. पानांमध्ये पातळ तटस्थ कागद घाला, तोही एकाआड एक, नाहीतर पाठ फुगून शिवण तुटते.

कात्रणवहीचा विचार वेगळा करावा लागतो. आजोबांनी मुक्तिसंग्रामाच्या बातम्या, स्वातंत्र्यसैनिकाचं सन्मानपत्र, तुरुंगाचा दाखला, दैनिक मराठवाडातलं एखादं कात्रण अशी वही लावलेली असेल, तर तो क्रम आणि शेजारी लिहिलेली ओळ हाच तिचा खरा ऐवज आहे. कात्रणं सोडवून ‘नीट’ नव्या वहीत लावणं म्हणजे वहीच घालवणं. सगळ्यात आधी प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक टाका. मग पूर्ण उघड्या जोडपानाचा वरून फोटो, मग प्रत्येक कात्रणाचा वेगळा. दुमडलेलं पत्र असेल तर दुमडलेलं, उघडलेलं आणि पाठीमागचं असे तिन्ही. त्यानंतर गोंद ओळखा. गव्हाची खळ पाण्यानं सुटते पण कसरीला आवडते, म्हणून अशा वहीची तपासणी वारंवार. डिंक कडक होऊन कात्रण आपोआप सुटतं, ते त्याच पानाला पॉलिएस्टरच्या छोट्या पाकिटात ठेवा, परत चिकटवू नका. फेविकॉल वाळल्यावर घरी सुटत नाही, त्याच्या नादी लागू नका. सेलोटेपचं प्लास्टिक गळून खाली तपकिरी डाग उरलेला असेल तर तो डाग कागदात पार मुरलेला असतो, खरवडून फक्त भोक पडेल. स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतील तर दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरची पट्टी सरकवून बोथट पात्यानं पाय सरळ करा आणि मग उचला. चिमट्यानं ओढली की कागदाचा तुकडा पिनेबरोबर येतो.

स्कॅनरमध्ये घरच्या कामाला कॅननचा लाइड ३०० पुरतो. तो यूएसबीवर चालतो, वेगळी वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही लॅपटॉपच्या बॅटरीवर काम थांबत नाही. आपल्याकडे ही सोय लहान नाही. मर्यादा अशी की काचेला टेकलेलंच त्याला स्पष्ट दिसतं. गुंडाळलेला फोटो, फुगीर वही, लाखेची मोहोर अंधूक येते. त्यानं निगेटिव्हही होत नाही. एप्सनचा परफेक्शन व्ही-६०० मोठा, महाग आणि घरच्या विजेवर चालणारा, पण झाकणात दिवा असल्यानं ३५ मिलिमीटर आणि १२० (रुंद रोलच्या) दोन्ही निगेटिव्ह करतो. घरात अ‍ॅग्फा क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह असतील तर हाच हवा. त्याच्या खोक्यावरचा ६४०० डीपीआयचा (एका इंचातल्या ठिपक्यांचा) आकडा फार मनावर घेऊ नका, २४०० ते ३२०० च्या पुढे फाइल फुगते, तपशील वाढत नाही. ६×६ सेंटीमीटरची ही चौकोनी निगेटिव्ह २४०० ला केली तरी अडीच कोटींहून जास्त पिक्सेल मिळतात.

कागदाला ३०० ते ४००, फोटोला ६००, अंगठ्याएवढ्या पासपोर्ट फोटोला १२०० डीपीआय. कृष्णधवल फोटोही २४ बिट रंगीतच स्कॅन करा. पिवळेपणा, डाग, मागची निळी शाई हीसुद्धा माहितीच आहे. मूळ फाइल टिफमध्ये, वाटायला जेपेग. फोटोची पाठ सोडू नका, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. फोनवरची स्कॅन अ‍ॅप्स घाईला ठीक, पण त्यांचा काळा-पांढरा फिल्टर आधी बंद करा. निजामकाळातल्या दस्तावरचा फिका शिक्का त्या फिल्टरमध्ये पार उडतो.

स्टुडिओला काम द्यायचं असेल तर सगळा गठ्ठा देऊ नका, एक ४×६ इंची फोटो द्या आणि ६०० डीपीआयची टिफ मागा. फाइल ३६०० बाय २४०० पिक्सेल आणि सुमारे २६ एमबीची यायला हवी. १८०० बाय १२०० आली तर ३०० लाच केलंय. आकडा बरोबर पण मोठं करून पाहिल्यावर पापण्यांऐवजी लोण्याचा गोळा दिसत असेल तर छोटी फाइल ताणलेली आहे. कागद ओढून घेणाऱ्या फीडरच्या मशीनवर फोटो टाकणार असतील तर फोटो परत घ्या. आणि ‘रिस्टोरेशन’ हवं का असं विचारतील, तेव्हा आधी न सुधारलेली फाइल हातात घ्या. एआयनं चकचकीत केलेल्या फोटोत आजीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं जातं, नथीचा आकार बदलतो, फेट्याचा पीळ भलताच होतो, पातळाचा रंग तर निव्वळ अंदाज असतो. भिंतीवर लावायला हौसेनं करा. जपायची फाइल ती नव्हे.

नावं लिहिताना ‘बापू, आक्का, तात्या’ यावर थांबू नका. पूर्ण नाव, गाव, तालुका, बायकांचं माहेरचं नाव आणि ही माहिती कुणी सांगितली तेही लिहा. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ २बी पेन्सिलीनं, कडेला, फोटो काचेवर ठेवून लिहायचं. सत्तरच्या दशकानंतरच्या प्लास्टिकलेपी फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी लिहा. बॉलपेनचा दाब समोरून उठतो. निजामी दस्तावरचं वर्ष बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं असतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मोडी कागदावर शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांना ७९. फाइलच्या नावात मूळ वर्ष आणि इसवी सन दोन्ही ठेवा, उदाहरणार्थ ‘१३५७फ_१९४८_वसमत_वाटणीपत्र_०१’.

पाचशे फोटो म्हणजे टिफमध्ये १३ जीबीच्या आसपास. गूगलच्या फुकट १५ जीबीत ते बसल्यासारखे वाटतात, पण ती जागा मेलसकट सगळ्यांची. दोन वेगळ्या हार्डडिस्क, त्यातली एक पुण्याला किंवा जिथे कुणी नातलग असेल तिथे, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलं की तपशील दाबला जातो. हार्डडिस्क दिवाळीला एकदा जोडून चारदोन फाइली उघडून पाहा, आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा.

निगेटिव्हच्या डब्यातून आंबट वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी स्कॅन करा. अ‍ॅसिटेटची फिल्म आतून कुजायला लागल्याची ती खूण आहे, ही क्रिया थांबत नाही आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागते, म्हणून त्या वेगळ्या, हवा खेळती असलेल्या कागदी पाकिटात. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींचं तसंच, चालू व्हीसीआर दिवसेंदिवस दुर्मीळ होतोय. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर ती मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते.

मोडी वाचून घ्यायची असेल किंवा ठिसूळ दस्ताला दुरुस्ती हवी असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय हा पहिला पत्ता. संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. निजाम सरकारचं मोठं दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे, घरच्या कागदाचा दुसरा धागा तिथे सापडू शकतो. जाताना मूळ कागद नेऊ नका, छापलेली स्कॅन प्रत न्या आणि तिच्या पाठीमागे फसली वर्ष, गाव, तालुका लिहून ठेवा.